६४० सभासदांची वेब नोंदणी स्क्रिप्टवर सोपवायची तर

प्रश्न थोडक्यात असा: घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे ६४० सभासद कंपनीच्याच वेब सॉफ्टवेअरमध्ये नोंदवायचे आहेत. सभासद क्रमांक, नाव, तालुका, मौजा, गट क्रमांक, क्षेत्र, आधार, बँक खातं ही सगळी माहिती एक्सेलमध्ये तयार आहे. दर सभासदामागे ‘नवीन सभासद’, ‘जतन करा’, ‘पुष्टी करा’ ही बटणं दाबायची आणि शेवटी पावतीची वेगळी खिडकी उघडते ती बंद करायची. माऊसच्या जागा लक्षात ठेवून क्लिक करणारं एक साधन कोणी लावून दिलं होतं. पहिल्या दिवशी ते चाललं, दुसऱ्या दिवशी भलतीकडेच क्लिक करू लागलं आणि काही कास्तकार दोनदा नोंदले गेले. भरवशाचा मार्ग कोणता?

भाऊ, स्क्रिप्टला, म्हणजे क्लिक आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, हात लावण्याआधी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना एक फोन करा आणि विचारा, की एक्सेल फाईल थेट चढवायची सोय आहे का. पुष्कळदा ती असते, फक्त तुमच्या लॉगिनला दिसत नाही. ती मिळाली तर पुढचं काही वाचायची गरज नाही. नसेल तर त्यांना सांगूनच स्क्रिप्ट चालवा, म्हणजे एकाच खात्यातून धडाधड नोंदी येताना पाहून ते खातं बंद करणार नाहीत.

जागेवर क्लिक करणारं साधन का फसलं ते आधी समजून घ्या. त्याला बटण दिसतच नाही, त्याला फक्त पडद्यावरचा बिंदू माहीत असतो. विंडोजचं स्केलिंग १०० वरून १२५ टक्के झालं, ब्राउझरचा झूम बदलला, ‘पासवर्ड जतन करायचा का’ अशी पट्टी वर आली किंवा नाव लांब असल्यामुळे फॉर्म एक ओळ खाली सरकला, तरी क्लिक मात्र जुन्याच बिंदूवर पडतो. नेटवर्क मंद असेल तर पान येण्याआधीच तो पडून जातो. दोनदा झालेल्या नोंदी बहुधा इथूनच आल्या असाव्यात. शिवाय पडदा लॉक झाला की असं साधन थांबतं. ऑटोहॉटकीसारखी साधनं ब्राउझरबाहेरच्या खिडक्यांसाठी चांगली आहेत, वेब पानातल्या बटणांसाठी नाहीत.

दुसरा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे एफ-१२ दाबून कन्सोलमध्ये, म्हणजे पानाला थेट आज्ञा द्यायच्या जागेत, जावास्क्रिप्टच्या चार ओळी टाकणं: बटण शोधा, ‘क्लिक’ म्हणा, तीन सेकंदांनी पुन्हा तेच. एकाच पानावर ‘अधिक दाखवा’ पन्नास वेळा दाबायचं असेल तर हे पुरतं. तुमच्या कामाला पुरत नाही, कारण पान नव्याने लोड झालं की कन्सोलमधली स्क्रिप्ट मरते, आणि असे फॉर्म जतनानंतर बहुधा पुन्हा लोड होतात. अशा क्लिकवर ब्राउझर ‘हा खऱ्या माणसाचा नाही’ अशी खूणही ठेवतो. ती खूण तपासणारी पानं क्लिक मानत नाहीत, आणि नवी खिडकी उघडायची असेल तर पॉपअप अडवला जातो. टॅब मागे गेला तर क्रोम टायमर मंद करतो: आधी सेकंदाला एकदा, आणि टॅब काही वेळ झाकलेलाच राहिला तर मिनिटाला एकदा. टॅम्परमंकी हे ब्राउझरला जोडायचं साधन वापरून स्क्रिप्ट प्रत्येक पानावर आपोआप टाकता येते खरी, पण कितवा सभासद चालू आहे हे ती कुठेतरी लिहून ठेवत नसेल तर एकालाच पुन्हा पुन्हा भरत बसते.

यासाठी ब्राउझरला बाहेरून चालवणारं साधन लागतं. सेलेनियम २००४ पासून आहे, आणि त्यातून पुढे आलेली वेबड्रायव्हर पद्धत २०१८ मध्ये वेबचं अधिकृत मानक झाली. प्लेराइट मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने प्लेराइटच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण बटण दिसतंय का, हलायचं थांबलंय का, चालू आहे का आणि त्याच्यावर दुसरं काही झाकण नाही ना, हे ते क्लिकआधी स्वतः तपासतं. सेलेनियममध्ये ही वाट पाहायला आपण सांगावं लागतं, आणि नवशिके नेमके तिथेच अडकतात.

स्क्रिप्ट पायथन या भाषेत लिहायची. पायथन बसवताना ‘पाथमध्ये जोडा’ या चौकटीवर खूण करा. मग पिपने, म्हणजे पायथनची साधनं बसवणाऱ्या आज्ञेने, प्लेराइट बसवा. मोबाईल डेटावर असाल तर ‘प्लेराइट इन्स्टॉल’ ही आज्ञा नुसती देऊ नका. ती तीन ब्राउझर उतरवते आणि शेकडो एमबी जातात. संगणकावर क्रोम आहेच, त्यामुळे ब्राउझर सुरू करताना ‘चॅनल’ म्हणून क्रोम द्या, काही उतरवावं लागत नाही. ‘हेडलेस’, म्हणजे ब्राउझर न दाखवता चालवणं, बंद ठेवा, म्हणजे काय चाललंय ते डोळ्यांना दिसेल. ‘स्लो मो’, म्हणजे प्रत्येक कृतीमागचा थांबा, ३०० मिलिसेकंद ठेवा. या सगळ्या आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करायच्या आहेत, इथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

लॉगिन स्क्रिप्टमध्ये लिहू नका. ‘लाँच पर्सिस्टंट कॉन्टेक्स्ट’ वापरा आणि त्याला एक नवा, रिकामा फोल्डर द्या. पहिल्या वेळी स्वतः लॉगिन करा, ते त्या फोल्डरमध्ये टिकतं. तुमच्या रोजच्या क्रोमचा प्रोफाइल फोल्डर देऊ नका, क्रोम तो असा चालवू देत नाही. एक फोल्डर एका वेळी एकाच ब्राउझरला वापरता येतो, म्हणून आधीची खिडकी उघडी राहिली असेल तर दुसरी सुरूच होणार नाही.

बटण ओळखायचं ते त्याच्यावरच्या अक्षरांवरून. ‘गेट बाय रोल’मध्ये भूमिका ‘बटण’ आणि नाव ‘जतन करा’ द्या. मात्र ही आज्ञा नावाचा तुकडा जुळला तरी मानते. पानावर ‘जतन करा’ आणि ‘जतन करा व पुढे’ अशी दोन बटणं असतील तर दोन्ही जुळतात, आणि प्लेराइट कोणतंही एक न दाबता चूक दाखवून थांबतं. हे थांबणं तुमच्या भल्याचं आहे. ‘पहिलं घे’ असं सांगून ते झाकू नका, ‘एक्झॅक्ट’ खरं करा. बटण दिसत असूनही सापडत नसेल तर त्यावर उजवा क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ पाहा. पुष्कळदा ते बटण नसतंच, बटणासारखा रंगवलेला नुसता ‘डिव्ह’, म्हणजे पानावरचा साधा चौकोन, असतो. मग मजकुरावरून शोधावं लागतं. किंवा फॉर्म ‘आयफ्रेम’मध्ये, म्हणजे पानातल्या पानात असतो, तेव्हा आधी ‘फ्रेम लोकेटर’ने आत शिरावं लागतं. ‘कोडजेन’ ही आज्ञा तुमचे क्लिक पाहून स्क्रिप्ट लिहून देते. सुरुवातीला तिचा उपयोग करा, पण तिने लिहिलेलं जसंच्या तसं ६४० वेळा चालवू नका. क्लिक होत नाही म्हणून ‘फोर्स’ लावायचा मोहही टाळा. तो क्लिकआधीच्या तपासण्या गाळतो आणि मग तुम्ही पुन्हा आंधळ्या क्लिकवर येता.

जिल्हा, तालुका, मौजा या तीन याद्या हा अशा प्रत्येक फॉर्मचा सगळ्यात अवघड भाग असतो. जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी सर्व्हरवरून येते, तालुका निवडला की मौजांची. प्लेराइट हवं ते नाव यादीत येईपर्यंत थांबतं, आणि इथेच एक फसगत आहे. आधीच्या सभासदाच्या तालुक्याची जुनी यादी अजून जागेवर असेल आणि तिच्यातही ‘वडगाव’ असेल, तर ते लगेच निवडलं जातं. अर्ध्या सेकंदाने नवी यादी येते आणि निवड पुसली जाते, किंवा दुसऱ्याच तालुक्याचं वडगाव चिकटतं. उपाय असा: तालुका बदलल्यावर यादी खरोखर बदलली का हे पाहा, आणि ‘जतन करा’ दाबण्याच्या ठीक आधी तिन्ही याद्यांची निवड पुन्हा वाचून एक्सेलशी ताडा. जुळत नसेल तर ती ओळ सोडा.

शक्य असेल तिथे नावाऐवजी यादीतला आतला कोड वापरा. ‘इन्स्पेक्ट’मध्ये प्रत्येक नावापुढे ‘व्हॅल्यू’ दिसते. आपल्याकडच्या मौजांमध्ये खुर्द, बुद्रुक आणि रिठ आहेत, एकाच तालुक्यात एकाच नावाची दोन गावंही असतात. तालुक्याचंही तसंच. लोक पांढरकवडा म्हणतात, एक्सेलमध्येही तेच लिहितात, पण महसुली तालुका केळापूर आहे आणि यादीतही केळापूरच असतो. एक छोटी फाईल करा: डावीकडे तुमच्या एक्सेलमधलं नाव, उजवीकडे यादीतला कोड. ६४० सभासद असले तरी मौजे तीस-चाळीसच निघतील, तासाभराचं काम आहे. मराठी अक्षरांचाही एक घोळ यात होतो. ‘वऱ्हाडे’मधला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसायला सारखा, संगणकाला वेगळा. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या नावात न दिसणारी चिन्हं आणि शेवटी जास्तीची मोकळी जागा येते. नावावरून शोध फसला तर आधी हे तपासा.

आता एक्सेल. क्लिकपेक्षा जास्त नुकसान इथून होतं, म्हणून थोडं थांबून पाहा. गट क्रमांक १२/१ टाइप केला की एक्सेल त्याला तारीख समजतं आणि १२ जानेवारी करून टाकतं. १४५/२ मात्र तसाच राहतो, त्यामुळे रकाना वरवर पाहून चूक दिसत नाही. नंतर रकान्याला ‘टेक्स्ट’ केलं तर मूळ आकडा परत येत नाही, तारखेची पाच आकडी संख्या उरते. म्हणून माहिती भरण्याआधीच गट, खाते आणि आधार हे रकाने टेक्स्ट करा. बँक खात्याचा क्रमांक संख्या म्हणून टाकला तर सुरुवातीची शून्यं जातात, आणि एक्सेल पंधराच आकडे सांभाळतं म्हणून १६ किंवा १७ आकडी खात्याचे शेवटचे आकडे शून्य होतात. बारा आकडी आधार क्रमांक ‘ई+११’ अशा रूपात दिसतो आणि तसंच सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकूर फाईलमध्ये, जतन केलं तर खरा क्रमांक कायमचा गेला. क्षेत्राचंही बघा. १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर, एक्सेल त्याचं १.२ करतं. फॉर्ममध्ये हेक्टर आणि आर यांचे वेगळे चौकोन असतील आणि स्क्रिप्ट टिंबावर तोडत असेल तर २० आरच्या जागी २ आर भरले जातील. आधी दोन दशांश स्थळं पूर्ण करा, मगच तोडा. स्क्रिप्टच्या सुरुवातीला सगळ्या ६४० ओळी एकदा नुसत्या वाचून तपासा: गट मजकूर आहे का, खात्यात फक्त आकडे आहेत का, मौजा कोडांच्या फाईलमध्ये आहे का. एकही ओळ नापास झाली तर ब्राउझर उघडूच नये.

चौकोन भरायला ‘फिल’ पुरतं. ते युनिकोड मराठी थेट टाकतं, कीबोर्ड कोणता आहे याने फरक पडत नाही. टाइप करताना खाली सुचवण्या येतात अशा चौकोनात मात्र ‘प्रेस सिक्वेन्शियली’ने अक्षर-अक्षर टाकावं लागतं, नाहीतर सुचवण्यांची यादी उघडत नाही.

‘पुष्टी करा’ दाबल्यावर ‘तुम्हाला खात्री आहे का’ अशी ब्राउझरची छोटी चौकट येत असेल तर सावध. तुम्ही काही सांगितलं नसेल तर प्लेराइट ती चौकट ‘रद्द’ म्हणून बंद करतं. क्लिक झालेला दिसतो, चूक कुठेच येत नाही, आणि नोंदही होत नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘डायलॉग’ या घटनेवर कान ठेवा, चौकटीतला मजकूर वाचा, अपेक्षित वाक्य असेल तरच ‘ॲक्सेप्ट’ करा, नाहीतर ‘डिसमिस’ करून ओळ ‘अडलं’ म्हणून लिहा. दोन्हींपैकी काहीतरी करावंच लागतं, नुसतं ऐकून सोडलं तर पान गोठतं.

पावतीच्या खिडकीसाठी ‘एक्स्पेक्ट पॉपअप’ क्लिकच्या आधी लावायचं. आधी क्लिक आणि मग वाट असं लिहिलं तर खिडकी कधी येऊन गेली ते कळत नाही. आलेल्या खिडकीतून पावती क्रमांक वाचा, मग ती बंद करा. पावती पीडीएफ म्हणून उतरत असेल तर ‘सेव्ह ॲज’ने तुमच्या फोल्डरमध्ये घ्या, कारण ब्राउझर बंद झाला की प्लेराइट स्वतःच्या तात्पुरत्या जागेतल्या फाईली पुसतं. छपाईची खिडकी ही पानाचा भाग नसते, स्क्रिप्टला ती दाबता येत नाही. कागदावर पावती हवीच असेल तर पीडीएफ गोळा करून शेवटी एकदम छापा.

एवढं जमलं की क्लिक व्हायला लागतात, पण क्लिक झाला म्हणजे नोंद झाली असं नाही. प्रत्येक क्लिकनंतर काय दिसायला हवं हे स्क्रिप्टला माहीत हवं. ‘यशस्वी’ अशी हिरवी पट्टी शोधणं पुरेसं नाही, कारण आधीच्या सभासदाची पट्टी दोन-तीन सेकंद रेंगाळू शकते. स्क्रिप्ट तीच पाहून पुढे जाते आणि मधला कास्तकार नोंदीबाहेर राहतो. त्याला हे कळतं ते खत किंवा हमीभावाच्या वेळी यादीत नाव नसल्यावर. म्हणून खूण एकच माना: पावतीवर याच सभासदाचा क्रमांक आहे, आणि पावती क्रमांक मागच्यापेक्षा वेगळा आहे.

यासाठी खतावणीसारखी एक वेगळी फाईल ठेवा. ‘जतन करा’ दाबण्याच्या आधी तिच्यात सभासद क्रमांक, वेळ आणि ‘सुरू’ असं लिहा. पावती वाचल्यावर त्याच क्रमांकापुढे ‘झालं’ आणि पावती क्रमांक लिहा. प्रत्येक ओळीनंतर फाईल ‘फ्लश’ आणि लगेच ‘ओएस एफसिंक’ करा, म्हणजे लाईन गेली तरी लिहिलेलं डिस्कवर असेल. ही फाईल साधी सीएसव्ही ठेवा. मूळ एक्सेलमध्येच लिहायला गेलात आणि ती कोणी उघडून ठेवली असेल तर विंडोज लिहू देत नाही, स्क्रिप्ट मध्येच पडते. सीएसव्ही ‘यूटीएफ-८ सिग’ने लिहा, नाहीतर एक्सेलमध्ये मराठी नावांचा चुराडा दिसेल. तपासायला उघडायची असेल तर तिची प्रत उघडा.

पुन्हा सुरू केल्यावर ‘झालं’ असलेल्या ओळी सोडायच्या. ज्यांच्यापुढे फक्त ‘सुरू’ आहे त्या सर्वांत नाजूक. क्लिक सर्व्हरपर्यंत पोचला आणि उत्तर येण्याआधी नेटवर्क गेलं, की क्लिक पोचलाच नाही, हे इथे बसून कळत नाही. अशा ओळी आपोआप पुन्हा भरू नका. सभासद क्रमांकाने सॉफ्टवेअरच्या शोधात आधी पाहा. सापडला तर पावती क्रमांक खतावणीत घ्या, नाही सापडला तरच पुन्हा भरा. शोध नावाने करू नका, एकाच मौजात एकाच नावाचे दोघे-तिघे असतात. ‘चूक आली की तीनदा पुन्हा प्रयत्न’ अशी ओळ लोक सर्रास लिहितात. यादी वाचण्यासाठी ती चालेल, ‘जतन करा’च्या भोवती कधीच नको.

वाट पाहण्याबद्दल थोडं. प्लेराइट क्लिकसाठी ३० सेकंद थांबतं, पण ‘एक्स्पेक्ट’ने केलेली तपासणी पाचच सेकंद थांबते. गावातल्या नेटवर्कवर पाच सेकंद कमी पडतात, दोन्ही ६० सेकंदांवर न्या. उत्तर लवकर आलं तर ते लवकरच पुढे जातं, वेळ वाया जात नाही. जागोजागी ठरावीक दहा सेकंद झोपवणं मात्र टाळा. दोन सभासदांमध्ये तीन-चार सेकंदांची उसंत ठेवा, सर्व्हरवर ताण येत नाही. एका सभासदाला एकूण २० सेकंद धरले तर ६४० ला साधारण साडेतीन तास लागतात. हाताने चार मिनिटं धरली तर ४२ तासांच्या वर जातात.

पहिल्या दिवशी पाचच सभासद घ्या, त्यात एक केळापूरचा, एक १२/१ सारख्या गटाचा, एक १७ आकडी खात्याचा असू द्या. त्यांच्या नोंदी सॉफ्टवेअरमध्ये उघडून डोळ्यांनी ताडा. मग वीस, मग उरलेले. लागोपाठ तीन ओळी अडल्या तर स्क्रिप्टने स्वतःहून थांबावं, बहुधा लॉगिनची मुदत संपलेली असते. लॅपटॉपची ‘स्लीप’ बंद करा, झाकण मिटल्यावर काय होतं तेही बदला. पडदा लॉक झाला तरी प्लेराइट चालतं. दुपारी लाईन जाण्याची वेळ ठरलेली असेल तर सकाळी लवकर लावा. संगणक बॅटरीवर चालतो, पण वायफायचा डबा बंद पडतो हे लक्षात असू द्या.

हीच स्क्रिप्ट सरकारी पोर्टलवर लावू का, हा पुढचा प्रश्न येणारच. कॅप्चा, ओटीपी, अंगठा आणि डिजिटल सही या चार ठिकाणी माणूसच हवा, त्या गोष्टी त्यासाठीच ठेवलेल्या आहेत. त्यांना चुकवणारं काही लावू नका, कोणी विकत देत असेल तरी. ज्या पोर्टलच्या अटींमध्ये आपोआप वापराला मनाई आहे तिथे स्क्रिप्ट चालवायचीच नाही. रेल्वेची तिकिटं अशा सॉफ्टवेअरने काढून विकण्याचा धंदा तर रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येही ओटीपी येत असेल तर स्क्रिप्टने तिथे थांबून ‘एंटर दाबा’ म्हणावं आणि माणसाने ओटीपी टाकून पुढे न्यावं.

चुका शोधायला प्लेराइटचं ‘ट्रेसिंग’ चालू ठेवा. कोणत्या क्लिकवर पान कसं होतं ते नंतर चित्रांसह पाहता येतं. पण त्या चित्रांत लोकांचे खाते क्रमांक आणि आधार असतात. अडलेल्या ओळी निस्तरल्या की ट्रेसच्या फाईली, स्क्रिप्टचा प्रोफाइल फोल्डर आणि एक्सेलच्या इकडेतिकडे झालेल्या प्रती त्याच दिवशी पुसा, रिसायकल बिनमधूनही. खतावणीची सीएसव्ही आणि पावत्या कंपनीच्या सचिवांकडे द्या, दुकानाच्या संगणकावर ठेवू नका.